यात्रेची रात्र आणि अनोळखी माणसे : ‘देवकीनंदन गोपाला’मागचे वऱ्हाड

१/ सणाचा दिवस एकट्या माणसालाही निभावून नेता येतो. गर्दी असते, वाद्ये असतात, कुणीतरी हातावर प्रसाद ठेवते. प्रश्न रात्रीचा असतो. ज्याचे घर जवळ तो घरी जातो. ज्याची बंडी आहे तो बंडीखाली अंथरूण टाकतो. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याने कुठे जावे? वऱ्हाडातल्या एका माणसाने हा प्रश्न पन्नास वर्षे सोडला नाही. पुढे त्याच्यावर चित्रपट निघाला. त्या चित्रपटामागच्या इतिहासाचा हा धागा.

२/ चित्रपटाचे नाव ‘देवकीनंदन गोपाला’, वर्ष १९७७. दिग्दर्शक राजदत्त, म्हणजे मूळचे विदर्भाचे दत्तात्रय मायाळू. गुरू राजा परांजपे यांच्या नावातला ‘राज’ त्यांनी आपल्या नावाशी जोडला होता. गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, बाबांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

३/ ही निवड आज विशेष लक्ष वेधते. लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. वैद्यकी सोडून रंगभूमीवर आलेले आणि उघडपणे निरीश्वरवादी. ‘परमेश्वराला रिटायर करा’ ही त्यांची भूमिका पुढे महाराष्ट्रभर गाजली. असा नट एका संताच्या भूमिकेत शोभला कसा? उत्तर त्या संताच्या कामात आहे. त्यांच्या चरित्राला चमत्कारांची गरज नव्हती. तेथे अन्न होते, झाडू होता, कीर्तन होते आणि रात्रीचे छप्पर होते.

४/ आधी यात्रेची रात्र म्हणजे काय, ते पाहू. वऱ्हाडातली यात्रा बहुधा नदीकाठी भरे. कुटुंबे बंड्या जुंपून येत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जात, वांग्याची भाजी आणि वरण शिजे. कुटुंब, बैल, शिधा आणि गोधड्या घेऊन आलेला माणूस आपले घरच सोबत आणत असे. त्यामुळे मुक्कामाची रात्र त्याला परकी वाटत नसे.

५/ पण त्याच यात्रेत दुसरी माणसेही असत. महारोगी, आंधळे-पांगळे, घरातून बाहेर काढलेल्या विधवा, मजुरीसाठी गाव सोडलेले लोक आणि ज्यांची सावलीही गावाला चालत नसे असे अस्पृश्य भाविक. जत्रा उलगडताना उरलेसुरले अन्न त्यांच्या वाट्याला येई. देव सर्वांचा असे. विस्तवाभोवतीची जागा मात्र प्रत्येकाची ठरलेली असे.

६/ अशी बेघर माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढली. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोहोचला. कापसाला बाजार मिळाला, तसे सावकाराचे कर्जही शेतापर्यंत आले. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ. जमीन गेली की माणूस स्वतःच्याच मुलखात परका होत असे.

७/ देबूजी झिंगराजी जाणोरकर हे या काळाचे अपत्य. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आजच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव, जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला आली. मामाच्या घरी गुरे राखणारा, शेतात राबणारा आणि रात्री भजनात रमणारा हा मुलगा. आश्रित म्हणजे काय, हे त्याने प्रथम तेथे जाणले.

८/ मामाची शेती सावकाराच्या कचाट्यात सापडली. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या घराची ती नेहमीची गोष्ट. पुढे बाबांच्या कीर्तनात कर्ज, दारू आणि निरक्षरता हे तीन विषय पुन्हापुन्हा येतात; त्यांची मुळे दापुरीत आहेत. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण वाढले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला.

९/ १ फेब्रुवारी १९०५. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी देबूजींनी घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे होती. या त्यागाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. त्याची किंमत घरातल्या बायकांनी चुकवली, हेही तितकेच नोंदवायला हवे. बाबांच्या चरित्रातील ही जखम झाकून कुणाचेच भले होत नाही.

१०/ पुढची वर्षे भटकंतीची. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती काठी आणि मडक्याचे एक खापर. त्याच खापरात भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, उन्हात तेच डोक्यावर ठेवायचे. या गाडग्यावरूनच लोकांनी नाव दिले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाचे कपडे धुतले, त्यातला हा माणूस स्वतः चिंध्या पांघरून हिंडत होता. अनेक गावांनी त्याला वेडा समजून हाकलले. अनोळखी माणसाला गाव कसे वागवते, याचा अनुभव त्याने पायी चालून घेतला.

११/ आता ऋणमोचनला जाऊ. भातकुली तालुक्यातील पूर्णा नदीकाठचे हे गाव. पौष महिन्यातल्या रविवारी येथे यात्रा भरते. पौषातली थंडी आणि नदीचा वारा, त्यात उघड्यावरची रात्र. गावाचे नाव ऋणातून सोडवणारे. आणि स्नानाला येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कितीतरी जण सावकाराच्या ऋणात गळ्यापर्यंत बुडालेले.

१२/ नदीचा काठ उताराचा आणि चिखलाचा. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया घसरून पडत. बाबांनी आधी स्वतः माती ओढून वाट केली, मग लोकांना हाताशी घेतले, आणि १९०८ मध्ये तेथे घाट बांधला गेला. पुढे उभ्या राहिलेल्या बांधकामांच्या मोठ्या मालिकेचा हा आरंभ. तो मंदिराच्या कळसापासून झाला नाही. पाय घसरतो त्या जागेपासून झाला.

१३/ पौषातल्या याच यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना पंगतीत बसवून जेवू घालण्याची रीत त्यांनी सुरू केली. फेकलेले अन्न आणि वाढलेले अन्न यांतला फरक येथे कळतो. चरित्रकार सांगतात की घर सोडल्यानंतर आई आणि मुलाची भेटही ऋणमोचनच्या यात्रेतच झाली. आईने लेकाला ओळखले. लेक मात्र घरी परतला नाही.

१४/ यात्रेच्या दिवशी त्यांच्या हाती खराटा असे. रात्री त्यांच्यापुढे लोक बसत. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या मैदानावर रात्री कीर्तन व्हायचे ते त्यांनी दिवसा स्वतः झाडलेले असे. दिवसभर ज्याला भंगी किंवा भिकारी समजून लोक ओलांडून गेले, तोच माणूस रात्री बोलायला उभा राहिला की गर्दीला पहिला धक्का तेथेच बसे.

१५/ परंपरागत नारदीय कीर्तनाची बांधणी ठरलेली असते : पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. बुवा सांगणार, श्रोते ऐकणार. बाबांनी ही चौकट सैल केली. ते वऱ्हाडी बोलीत बोलत आणि सतत प्रश्न विचारत. कर्ज काढून तीर्थाला कोण आले? दारूने कुणाचे भले झाले? दगडाच्या देवाला नैवेद्य आणि दारातल्या उपाश्याला काय? असा त्यांच्या प्रश्नांचा रोख असे. आणि श्रोत्यांनी उत्तर द्यायचे असे.

१६/ या प्रश्नोत्तरांचा परिणाम केवळ उपदेशापुरता नव्हता. एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसे एकाच वेळी ‘हो’ म्हणत, ‘नाही’ म्हणत, हसत, गप्प होत. शेजारी बसलेला कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे अंधारात दिसत नसे. त्याचे उत्तर मात्र आपल्या उत्तरासारखेच ऐकू येई. कंदिलाच्या उजेडात काही तासांपुरता एक समाज तयार होत असे. पुढे नामघोष सुरू झाला की सगळे आवाज त्यात मिसळत. तोच नामघोष चित्रपटाचे शीर्षक झाला.

१७/ पण कीर्तन संपते. कंदील विझतात, बंड्यावाले बंड्यांकडे जातात, आणि ज्याला कुठेच जायचे नाही तो तेथेच उरतो. शब्दांनी जोडलेला समाज रात्रीच्या थंडीपुढे टिकत नाही, हे बाबांना नेमके कळले होते. म्हणून त्यांच्या कामाची दुसरी बाजू दगड-चुन्याची झाली : धर्मशाळा.

१८/ धर्मशाळा तेव्हा नव्या नव्हत्या. मात्र त्यांपैकी बऱ्याच एकेका जातीच्या असत. दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न जातीचा विचारला जाई, आणि उत्तरावर दार उघडणार की नाही ते ठरे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला असे दारच नव्हते. पंढरीपर्यंत शेकडो मैल चालून आलेला माणूस रात्री वाळवंटात, पावसात पडून राही.

१९/ १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. नावातच उत्तर होते : ज्या संताला मंदिराच्या पायरीपाशी थांबावे लागले, त्याच्या नावाचे घर. विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देवाच्या दाराआधी सुमारे पाव शतक झोपायला एक दार उघडले होते.

२०/ हा प्रश्न वऱ्हाडाबाहेरचा होता असे कुणी समजू नये. अमरावतीचे अंबादेवी मंदिर नवरात्रात सगळ्या शहराला जागवते. त्याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये अस्पृश्यांना सत्याग्रहाची तयारी करावी लागली. त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मंदिराने नाकारलेली माणसे एका नाट्यगृहात एकत्र बसली होती.

२१/ बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचा एकमेकांविषयीचा आदर सर्वज्ञात आहे. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावे हा हेतू. एका रात्रीचा निवारा अशा रीतीने काही वर्षांच्या शिक्षणाचा निवारा झाला.

२२/ मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, देहू असा धर्मशाळांचा विस्तार होत गेला. मग दिशा बदलली. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयासाठी धर्मशाळा झाली. आता येणारा अनोळखी माणूस यात्रेकरू नव्हता; तो रोग्याचा नातेवाईक होता. परक्या शहरात, आतल्या खाटेवर आपले माणूस आणि बाहेर फुटपाथवर आपण. विसाव्या शतकातल्या एकटेपणाची ही नवी जागा एका निरक्षर म्हाताऱ्याने अचूक हेरली.

२३/ या साऱ्या वास्तूंवर त्यांनी स्वतःची मालकी ठेवली नाही. घरच्यांना तेथे खास हक्क दिला नाही, कुणाला शिष्य म्हटले नाही, कुणाला गुरू मानले नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी कामाच्या व्यवस्थेसाठी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले चरित्रही आले. माणूस हयात असतानाच त्याची कथा होऊ लागली होती.

२४/ त्या कथेतला सर्वांत कठीण प्रसंग खारेपाटणचा. मे १९२३ मध्ये तेथे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हजारोंच्या मेळ्यात उभा असलेला हा माणूस त्या क्षणी किती एकटा असेल, हा विचार चरित्रांच्या गौरवात हरवून जातो. दुसऱ्यांचे एकटेपण हलके करणाऱ्याने आपले कुणावर टाकले, याचे उत्तर कागदपत्रांत सापडत नाही.

२५/ आणखी एक भटका येथे आठवतो. १९१६ मध्ये परतवाड्याला जन्मलेला एक मुलगा तेरा वर्षांच्या आसपास स्वातंत्र्याच्या ओढीने घरातून निघून गेला, आणि हिंडता हिंडता गाडगेबाबांच्या सहवासात आला. हे गो. नी. दांडेकर. पुढे त्यांनी ‘श्री गाडगे महाराज’ हे चरित्र लिहिले. आपल्या भ्रमंतीच्या स्मरणांचे त्यांचे पुस्तक ‘स्मरणगाथा’. त्याला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घर सोडलेल्या पोराला घर सोडलेला माणूस भेटला, असा हा वऱ्हाडी योग.

२६/ ८ नोव्हेंबर १९५६. दिवाळी नुकतीच सरली होती, कार्तिकी एकादशी जवळ आली होती. मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचे कीर्तन झाले. हे त्यांचे अखेरचे कीर्तन मानले जाते, आणि ते ध्वनिमुद्रित झाले. ज्यांनी त्यांना पाहिले नाही अशा पिढ्यांना तो खरखरीत, घाईचा, प्रेमळ आवाज त्यामुळे ऐकता येतो. त्यात श्रोत्यांची उत्तरेही आहेत. इतिहासाला असा पुरावा क्वचितच मिळतो : वक्त्याबरोबर गर्दीचाही आवाज.

२७/ ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांचा प्राण गेला. घरात नाही, धर्मशाळेत नाही, वाटेत. पौष तोंडावर होता आणि ऋणमोचनची यात्रा भरायची होती.

२८/ आणि आता पुन्हा १९७७. अमरावती हे मध्यप्रांत-वऱ्हाड या वितरणक्षेत्राचे एक मोठे केंद्र. चित्रपटगृहे शहराच्या इतकी अंगवळणी पडली की चौकही त्यांच्या नावांनी ओळखले जाऊ लागले : राजकमल, चित्रा, श्याम, प्रभात, सरोज. सणासुदीला खेड्यांतून आलेली माणसे अशा अंधाऱ्या सभागृहांत अनोळख्यांच्या खांद्याला खांदा लावून बसत. कीर्तनाच्या रात्रीसारखेच एकत्र हसत, एकत्र डोळे पुसत.

२९/ साम्य येथवर. फरक असा की पडदा प्रश्न विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. आणि खेळ सुटल्यावर प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. चित्रपटाने बाबांचे कीर्तन, त्यांची चिंध्यांची गोधडी, त्यांचा खराटा लाखोंच्या डोळ्यांपुढे आणला. ते काम मोठेच. मात्र कीर्तनानंतर उरलेल्या माणसाला छप्पर देणे कोणत्याही कलाकृतीच्या आवाक्यातले नसते.

३०/ म्हणून गाडगेबाबांचे स्मरण केवळ खराट्यापुरते आखडणे हा इतिहासावर अन्याय आहे. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, बेघराला आसरा आहे. शेवटच्या सूत्राचा आशय दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देण्याचा आहे. अन्न, वस्त्र, औषध, शिक्षण, रोजगार हे सारे मोजून झाल्यावर त्यांनी मनाच्या एकटेपणाचीही वेगळी नोंद ठेवली.

३१/ अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. शहरातल्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. पण त्यांच्या कामाचा खरा पुरावा पाहायचा तर मुंबईत दादरला जावे. त्यांच्या पश्चात मिशनने तेथे उभारलेल्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. परळचे टाटा रुग्णालय तेथून जवळ आहे.

३२/ अमरावतीहून मुंबईची गाडी रात्रीची आहे. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला अशी ती ज्या मार्गाने जाते, त्याच्या दोन्ही बाजूंना देबूजीचा मुलूख आहे. दिवाळी असो वा पौष, तीत कुणीतरी तपासण्यांच्या कागदांची पिशवी उराशी धरून बसलेले असते. सकाळी ते दादरला उतरते आणि धर्मशाळेचा पत्ता विचारू लागते.